आमच्या गावात ‘विश्व संस्कृती उद्यान’ होणार म्हणे. काय ठेवावं त्यात?

खडूवाला
नमस्कार मंडळी. मी बालाघाटाच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथले दोघं-तिघं ओळखतील, त्यांनी ओळखून गप्प बसावं.

गावात साडेतीन एकरांची मोकळी जागा आहे. पूर्वी तिथं गुरांचा बाजार भरायचा. नऊ कडुलिंब, एक म्हातारी चिंच आणि कोपऱ्यात एक बारव. बारवेत आता पाणी कमी आणि पिशव्या जास्त. या जागेवर ‘विश्व संस्कृती उद्यान’ करायचं ठरलंय आणि नागरिक समितीत मला घेतलंय, कारण मला ‘चित्रं येतात’.

परवा आराखडा दाखवला. आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, पिरॅमिड, कोलोसियम, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, रिओचा ख्रिस्त आणि ताजमहाल. मध्ये संगीत कारंजं, बाकी सगळीकडं लॉन. बारवेच्या जागी काय, म्हणून बोट ठेवून बघितलं, तर तिथं लिहिलेलं ‘पार्किंग’.

पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. मला नुसता विरोध करायचा नाही. जगातल्या संस्कृती गावातल्या पोरांना दिसाव्यात ही कल्पना मला मनापासून आवडते. पण ती अशी दाखवायची का? कोणी असं उद्यान पाहिलंय? काय मागावं, काय नको म्हणावं?

निवांत_बसलो
आयफेल टॉवर उभा राहिला की कळवा सर. खाली बसून भजी खाऊ की.

आडगावची_सून
संस्कृती नंतर. आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघा आराखड्यात. आमच्या इथल्या बागेत आहे, टाइल्स लावलेलं, बाहेर दोन रंगीत चित्रं. कुलूप असतं. चावी माळ्याकडं आणि माळी शेतावर. बायका बागेत अर्धा तास बसतात आणि घरी पळतात. जगातल्या सगळ्या संस्कृतींमध्ये ही एक गोष्ट सारखीच लागते.

खडूवाला
ताई, आराखड्यात आहे. पिरॅमिडच्या मागं.

निवांत_बसलो
पिरॅमिडच्या आत करा म्हणावं, जागा वाचंल.

उत्तरध्रुव
सर, धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा अंबाजोगाईचा, गेली काही वर्षं कोपनहेगनला आहे. इथं सुपरकिलेन नावाचं एक सार्वजनिक उद्यान आहे, २०१२ मध्ये खुलं झालं. नोरेब्रो नावाच्या वस्तीत. ही वस्ती म्हणजे साठाहून जास्त देशांतून आलेली माणसं, आणि शहराच्या लेखी ‘अवघड’ भाग. उद्यान म्हणजे तरी काय, पाऊण किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी. एक भाग लाल, एक काळा, एक हिरवा.

त्यांनी केलं काय, तर रचनाकारांनी स्वतःच्या मनानं वस्तू निवडल्या नाहीत. वस्तीतल्या लोकांना विचारलं, तुमच्या देशातली बाग, चौक, रस्ता आठवला की कुठली वस्तू डोळ्यासमोर येते? मग ती वस्तू किंवा तिची हुबेहूब नक्कल आणली. मोरोक्कोचं कारंजं आहे, जपानची ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी आहे, थाय मुष्टियुद्धाचं रिंगण आहे. कतारमधल्या एका दंतवैद्याची विजेची पाटीसुद्धा आहे. बाक, कचराकुंड्या, गटारांची झाकणं, सगळं कुठून कुठून आलेलं. काही लोकांना तर प्रत्यक्ष प्रवासाला नेलं. पॅलेस्टिनी मुळाच्या दोन मुली तिकडची माती घेऊन आल्या. ती माती आज त्या बागेत एका उंचवट्यावर आहे.

२०१६ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. सगळं गोड आहे असं नाही. नुसता वस्तूंचा बाजार मांडलाय अशी टीका झाली, आणि लाल रंग मी पाहिला तेव्हा बराच उडालेला होता. पण मुलं त्या घसरगुंडीवर दिवसभर लोंबकळत असतात, आणि ती जपानची आहे हे त्यांना माहीत नसतं. मला तेच आवडलं. वस्तू बघायची नाही, वापरायची.

तुमच्या आराखड्यातल्या सातही वस्तू फक्त बघायच्या आहेत.

शंकासुर
लेख छान, पण मुद्द्याचं बोला. कोपनहेगनच्या त्या वस्तीत साठ देशांचे लोक राहतात म्हणून त्यांनी विचारलं. सरांच्या गावात कोण राहतं? आपल्याकडं उदगीरचा माणूस लातूरला राहायला आला तरी वीस वर्षं ‘बाहेरचा’ असतो. कुणाला विचारणार, तुमच्या देशातला बाक कसा होता म्हणून?

चाऊस_परभणी
शंकासुरभाई, मला विचारा.

आमचे खापरपणजोबा येमेनच्या हद्रमौतहून आले. निजामाच्या फौजेत अरब भरती व्हायची, त्यात. परभणी, नांदेड, माजलगाव, जिथं जाल तिथं चाऊस आडनाव सापडेल, ते आम्हीच. घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी, आणि अरबी फक्त नमाजात. माझ्या वडिलांनी बाजार समितीत हमालांचा हिशेब तीस वर्षं मोडीसारख्या गिचमिड मराठीत लिहिला.

पेटीत एक जंबिया आहे, तिकडचा वाकडा खंजीर. म्यान चामड्याचं होतं, ते उंदरांनी खाल्लं. अम्मी त्याला दर ईदला खोबरेल लावते, का ते तिलाही सांगता येत नाही. लग्नात मरफा वाजतो तो तिकडचाच. त्या तालावर आमच्या गल्लीतली सगळी पोरं नाचतात, त्यात मामा-भाच्याचा धर्म कोण बघतो.

शाळेत ‘आपले पाहुणे देश’ असा कार्यक्रम होता, तेव्हा बाईंनी मला फ्रान्स दिला होता.

खडूवाला
चाऊसभाई, शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बैठकीत वापरलं तर चालेल का? नाव न घेता.

चाऊस_परभणी
नाव घेऊन वापरा सर. गावोगाव आहे ते आडनाव, मी कुठला कुणाला कळणार.

तेरणाकाठ
चाऊसभाईंनी दार उघडलंच आहे, तर मीही आत येतो.

मी तेरचा. आमच्या गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं ‘पेरिप्लस’ नावाची सागरी व्यापाराची वही लिहून ठेवली, तिच्यात पैठण आणि तगर दोन्हींची नावं आहेत. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथून कापड गाड्यांनी भडोचला जातं असं तो म्हणतो. त्या काळी दहा दिवस, आता एसटी असेल तर त्यापेक्षा थोडं कमी.

गावातल्या लामतुरे संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती बाहुली आहे. तशीच जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडली. आणि त्याच घडणीची एक इटलीत, पोंपेईच्या राखेखाली निघाली, १९३८ साली. ज्वालामुखी फुटला इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडची कोणी बाई तिथं कुणाच्या तरी घरात उभी होती. आपण कोलोसियम फायबरचं करून इथं आणणार, आणि कोलोसियमचं बांधकाम पूर्ण व्हायच्या आत आपलं काम तिकडं पोचलेलं!

आणखी दोन नावं लिहून घ्या सर. मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. दुसरे बाबा शाह मुसाफिर, बुखाऱ्याकडचे सूफी. पाणचक्की त्यांच्याच दर्ग्याची. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांनी आणून, उंचावरून पाडून, त्यावर दळण दळायचे, फकिरांना आणि यात्रेकरूंना भाकरी मिळावी म्हणून.

विश्व संस्कृती म्हणजे हे. आफ्रिकेतून माणूस, मध्य आशियातून सूफी, आणि काम काय, तर पाणी आणि पीठ.

शंकासुर
माघार. निम्मी.

मुक्ताई_लातूर
सगळे एका सुरात बोलायला लागले की मला भीती वाटते, म्हणून उलटं लिहिते.

माझी आई ७१ वर्षांची. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, घर पुन्हा उभं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. ती तुळजापूर, पंढरपूर आणि एकदा शिर्डी, एवढंच फिरली. मागच्या वर्षी भाऊ तिला एका शहरातल्या ‘सात आश्चर्यं’वाल्या बागेत घेऊन गेला. तिथं सिमेंटच्या ताजमहालासमोर ती पदर सारखा करून उभी राहिली, फोटो काढला. तो फोटो तिनं लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. ‘ताज बघून आले’ म्हणून सांगते. मी आधी हसले. मग म्हटलं, मी कोण हसणारी?

तुम्ही लोक कोपनहेगन, बुखारा बघून किंवा वाचून आलात, म्हणून तुम्हाला नक्कल हास्यास्पद वाटते. ज्यांना अस्सल कधीच दिसणार नाही त्यांना नक्कल तरी बघू द्या. पोरांनाही सेल्फी काढायचाय. मलिक अंबरचा बोर्ड वाचायला कोण येणार आहे सुट्टीच्या दिवशी?

उत्तरध्रुव
मुक्ताई, हे पटलं. उत्तर नाही माझ्याकडं.

तेरणाकाठ
पटलं नाही पण लागलं. तरी एक सांगतो ताई, आईंना नकलेचाच ताज बघायचा तर बीबी का मकबरा घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. त्याला लोक साडेतीनशे वर्षं नक्कलच म्हणत आलेत.

मुक्ताई_लातूर
हा हा. नेते. उन्हाळा सरला की.

वेल्डिंगवाला
तांत्रिक बोलतो. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, असल्या दोन कामांची कोटेशनं दिलीत. दोन्ही मिळाली नाहीत ते सोडा.

फायबरचा पुतळा आपल्या उन्हात टिकत नाही. ४३ अंशाला वरचा थर आधी फिका पडतो, मग त्याला केसासारख्या भेगा जातात, मग पोरं नखानं पापुद्रे काढतात. तिसऱ्या उन्हाळ्यात स्वातंत्र्यदेवीला कोड फुटल्यासारखं दिसतं. लोखंडाचा आयफेल केला तर गंज. खऱ्या आयफेलला साधारण सात वर्षांनी एकदा रंग देतात आणि दर वेळी साठ टन रंग लागतो. आपल्याला पन्नास डबे लागतील, पण ते कुठल्या खात्यातून येणार? उद्घाटनाला पैसे असतात. रंगाला नसतात.

करायचंच असेल तर दिल्लीसारखं करा. सराय काले खाँला २०१९ मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ पार्क झालं. सातही आश्चर्यं भंगाराची, दीडशे टनांच्या आसपास भंगार लागलं. सायकलच्या चेना, गाड्यांचे पार्ट, जुने पाइप. ते बघताना लोक आयफेल कमी आणि ‘हे बघ, हे क्लचप्लेट हाय’ असं जास्त बोलतात. आपल्याकडं मोडीत निघालेले नांगर, तिफण, मळणीयंत्राच्या जाळ्या, विहिरीचे रहाट ढिगानं पडलेत. त्यांचा आयफेल केला तर तो आपला आयफेल.

मुक्ताईंच्या आईंनाही फोटो मिळेल. आणि गंजला तरी शोभेल.

शंकासुर
सात आश्चर्यांवरून आठवलं. अजमेरला आनासागर तलावाच्या काठी असंच ‘सेव्हन वंडर्स’ बांधलं. पाणथळ जागेत बांधलं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ते हटवावं लागलं. सर, तुमच्या बारवेवर पार्किंग टाकणाऱ्यांना हे जरूर सांगा. बारव कुठल्या यादीत आहे का तेही बघा.

नळदुर्गकर
पाण्याचं कोणीच बोलत नाही म्हणून बोलतो.

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. मी तेव्हा स्टेशनवर गेलो होतो. लोकांनी डब्यांना हात लावून नमस्कार केला. ज्या मुलखानं हे बघितलं, तिथं साडेतीन एकर लॉन? लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी. संगीत कारंजं दोन महिने गाईल, मग मोटर जळेल, मग त्यात शेवाळ, मग डास, मग डेंग्यूची फवारणी.

लहानपणी सहलीला पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात गेलो होतो. म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेलं. रंगीत कारंजी पहिल्यांदा तिथं पाहिली, आजही डोळ्यासमोर आहेत. पण त्याला मागं नाथसागर होता! आपल्या मागं काय आहे? टँकर.

आणि गंमत बघा. जगातल्या बागांत आपल्याला शोभेल अशी बाग इराणची. चारबाग. चार भाग, मधून बारीक पाट, कडेनं सावली, फळझाडं. ती कोरड्या मुलखात जन्मली, म्हणून तिच्यात पाणी दिसतं जास्त आणि लागतं कमी. मकबऱ्याची बाग चारबागच आहे. लॉन हा पावसाळी विलायतेचा पोशाख, तो मराठवाड्याला घालून घामाघूम का करायचं?

डॉ_हिरवळ
नळदुर्गकरांशी शंभर टक्के सहमत. मी वनस्पतिशास्त्र शिकवले, आता निवृत्त. खडूवाला सर, तुम्हाला एक फुकटचा आराखडा देतो. देशांची आश्चर्ये लावू नका, देशांची पिके लावा.

ज्वारी आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. हजारो वर्षांपूर्वी आली आणि इतकी रुळली की आपण तिला ‘गावरान’ म्हणतो. बाजरीही आफ्रिकेचीच. मिरची, भुईमूग, मका, टोमॅटो हे सगळे अमेरिका खंडातले. सोयाबीन चीनचे, ज्याच्या भावावर लातूरचा बाजार श्वास घेतो. करडई पश्चिम आशियाची. ऊस मुळात न्यू गिनी बेटाचा, म्हणजे ज्याच्या तोडणीला बीडची अर्धी गावे दरवर्षी घर सोडतात ते पीकही पाहुणेच. तूर, मूग आणि उडीद मात्र आपले.

झाडे बघा. चिंच आफ्रिकेची. अरबांनी तिला तमर हिंदी म्हटले, हिंदचा खजूर, आणि सगळे जग तिला आपली समजते. तुमच्या बाजारतळावरची म्हातारीसुद्धा त्याच कुळातली. गुलमोहर मादागास्करचा. विलायती चिंच मेक्सिकोकडची. बालाघाटातले सीताफळ, ज्याला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, तेही मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातले. नावात सीता असली तरी.

एकेका वाफ्यात एकेक पीक, शेजारी पाटी: कुठून आले, कोणाबरोबर आले, इथे येऊन काय झाले. पाणी ठिबकने. पोरांना कणीस खुडू द्या.

निवांत_बसलो
काँग्रेस गवत बी अमेरिकेचंच की ओ डॉक्टर. त्याला वाफा करायची गरज नाही, ते आपणहून येऊलालंय.

डॉ_हिरवळ
गाजरगवत. होय. आणि वेडी बाभूळही. त्यांचीही पाटी लावा. सगळेच पाहुणे चांगले नसतात.

आडगावची_सून
डॉक्टर, भाकरी आफ्रिकेची हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘आफ्रिकेच्या बाया थापत्यात का हातावर?’ उत्तर द्या.

डॉ_हिरवळ
इथिओपियात इंजेरा नावाची मोठी आंबवलेली पोळी असते. बहुधा टेफ नावाच्या धान्याची, काही भागांत ज्वारीची. तव्यावर ओततात, थापत नाहीत. थापणे आपले. सासूबाईंना नमस्कार सांगा.

आडगावची_सून
त्या खूश झाल्या. ‘मग आपलीच म्हणायची.’

चाऊस_परभणी
खाण्यावर आलात तर नान खलिया विसरू नका. दौलताबादला तुघलकाची राजधानी आली १३२७ च्या सुमारास, तेव्हाच्या फौजेचं खाणं म्हणून सांगतात. पिवळी नान, लाल तर्री. बागेत बाकी काही नको, एक स्टॉल द्या.

शंकासुर
संस्कृती उद्यान चाललंय की खाऊगल्ली? (स्टॉलला पाठिंबा आहे.)

पेठेतला
पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान आहे. दहा एकर, २००६ मध्ये सुरू झालं. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं, कोराकुएन १७०० साली पूर्ण झालेली. तिथं जपानी पुतळे-बितळे काही नाहीत, एकच बाग नीट समजून केलीय. वाटेवर एका वळणाला पाणी दिसतं, पुढच्या वळणाला लपतं. सात देश सात मिनिटांत दाखवण्यापेक्षा एक देश नीट दाखवा, एवढंच. गवतावर बसू देत नाहीत, शिट्टी वाजवतात, ते सोडून द्या.

निवांत_बसलो
पुण्याचं उद्यान आणि बसू देत नाहीत. संस्कृती दिसली बघा.

पेठेतला
अपेक्षित होतं. :)

बर्लिनचा_बाळ्या
पेठेतल्यांच्या मुद्द्याला दुजोरा. बर्लिनच्या मार्त्सान भागात ‘जगाच्या बागा’ अशा नावाचं उद्यान आहे. चिनी बाग २००० साली झाली, तिच्यासाठी कारागीर आणि सामान दोन्ही चीनमधून आणलं. नंतर जपानी, कोरियन, बाली, मुस्लिम जगातली बाग असं एकेक वाढत गेलं. सगळं एका दमात एका कंत्राटात नाही. आजूबाजूला पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या उंच इमारती, म्हणजे साहेबी वस्ती नव्हे. लोक डबा घेऊन येतात. आमचे शेजारी फक्त चिनी चहागृहात बसायला जातात.

सरांना सुचवणं एवढंच, की सगळी जागा आज भरू नका. मोकळी ठेवा. पुढच्यांना काही सुचू द्या.

तेरणाकाठ
एक राहिलं. रंग! अजिंठ्याच्या चित्रांतला निळा म्हणजे लाजवर्द, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. बाकीचे रंग इथल्याच मातीचे आणि दगडाचे. खडूवाला सर, तुम्ही चित्रकलेचे. पोरांना घेऊन भिंत रंगवा: लाल, पिवळा, हिरवा आपल्या मातीचा आणि निळा पाहुणा.

खडूवाला
मंडळी, बैठक झाली. सांगतो, लांब होईल.

चार प्रिंटआऊट नेले होते. पहिलं चाऊसभाईंचं फ्रान्सवालं वाक्य वाचलं. टेबलाशी एक जण मान खाली घालून बसला होता. आमच्याच गावातला किराणा दुकानदार, मी त्याला पंधरा वर्षं ओळखतो. तो म्हणाला, आमचे आजोबा काबूलकडून आले, रोहिले आम्ही. मला माहीत नव्हतं. मग कोणी म्हणालं, बसस्टँडजवळ हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी दरवर्षी चार महिने गावातच असतात, त्यांना आपण नेपाळी म्हणतो. तांड्यावरची एक सदस्या म्हणाली, आमचं भरतकाम लावणार का, का ते ‘जगा’त बसत नाही? अर्धा तास आराखड्याकडं कोणी बघितलं नाही.

वेल्डिंगवाल्यांचं रंगाचं गणित सगळ्यात चाललं. ‘देखभालीचं खातं कुठलं’ विचारल्यावर खोलीत शांतता.

काय मिळालं: चार आश्चर्यं रद्द. आयफेल राहिला, पण भंगाराचा, आणि गावातल्या तीन वर्कशॉपांनी मिळून करायचा. ताजही राहिला. मुक्ताई, तुमच्या आईंचा किस्सा सांगितला, नाव न घेता. एक बाई डोळे पुसत होत्या, मग ताज कोण काढणार. पिरॅमिड राहिला, कारण तो ज्यांचा आग्रह आहे ते उठून गेले असते.

लॉन जवळजवळ गेलं, तिथं डॉक्टरांचे वाफे. कारंजं गेलं नाही, ‘छोटं’ झालं. नळदुर्गकर माफ करा.

बारव राहिली. पार्किंग बाहेर. बैठकीनंतर मी आणि तो दुकानदार टॉर्च घेऊन उतरलो. सातव्या पायरीपर्यंत कचरा, खाली ओल आहे. एका कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्यासमोर गेल्या आठवड्यातली असेल अशी अगरबत्तीची काडी. म्हणजे कोणीतरी येतं. पुढच्या रविवारी सफाई, फावडी शाळेची.

नळदुर्गकर
ओल आहे हे सगळ्यात भारी. गाळ काढताना घाई करू नका, पायऱ्यांचे सांधे ढिले झाले असतील. जेसीबी अजिबात आत घालू देऊ नका. परभणी जिल्ह्यात वालूरची गोल बारव लोकांनी मोकळी केलीय, जमलं तर आधी जाऊन बघून या.

वेल्डिंगवाला
आयफेलच्या तीन वर्कशॉपात माझं धरा. रहाट दोन आहेत माझ्याकडं, फुकट देतो. तिफणीचे फण कुणाकडं असतील तर सांगा, वरचं टोक करायला लागतील.

डॉ_हिरवळ
ज्वारीचे बियाणे मी पाठवतो. मालदांडी. पेरणी रब्बीला, आत्ताच पेरून शिव्या खाऊ नका.

चाऊस_परभणी
सर, जंबियाचं म्यान नवीन करून घेतो. देणार नाही, पण उद्घाटनाला घेऊन येतो. मरफावाले पण आणतो. तुमच्या त्या दुकानदाराला सलाम सांगा.

मुक्ताई_लातूर
आईला सांगितलं. ती विचारतेय, ताज किती उंच आहे. मागच्या फोटोत कळस कापला गेला होता.

आडगावची_सून
सगळं झालं. स्वच्छतागृह?

खडूवाला
आहे ताई. पिरॅमिडच्या मागंच. दोन बायकांसाठी, दोन पुरुषांसाठी, पाण्याची टाकी वेगळी.

आडगावची_सून
आणि चावी?

खडूवाला
ते विचारायचं राहिलं.